हॅकनी डाउन्स ते मॉसबोर्न: एका जागेवरच्या दोन शाळा आणि त्यांचा सिक्स्थ फॉर्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून लंडनला आलेल्या एका कुटुंबाने पूर्व लंडनमधल्या हॅकनीत घर घेतलं आहे. मुलगी इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात आहे आणि घराजवळची मॉसबोर्न ॲकॅडमी अर्जात पहिली लिहावी असा विचार चाललाय. शेजारचे आजोबा म्हणाले, "त्या जागेवरची शाळा सरकारने टाळं ठोकून बंद केली होती, देशातली सर्वांत वाईट शाळा म्हणून." नेटवर शोधलं तर तीच जागा नोबेल मिळवलेल्या नाटककाराची शाळा निघाली. मग खरं काय? आणि अकरावीच्या वयात मुलं कमी ठेवून घेतात म्हणे, तर सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे शाळेतल्या त्या शेवटच्या दोन वर्षांचा, विचार आत्ताच करायचा का?

मी पूर्व लंडनच्या सरकारी शाळांत गणित शिकवत आलो आणि पुढे एका शाळेच्या गव्हर्नर मंडळावर बसलो. मॉसबोर्नशी माझा नोकरीचा संबंध कधी आला नाही. पण या जागेचा इतिहास आमच्या पिढीच्या शिक्षकांना तोंडपाठ आहे, कारण आमच्या धंद्यातले निम्मे वाद याच एका पत्त्यावरून झाले.

आजोबा खरं बोलले आणि नेटही खरं बोललं. सुरुवातीपासून सांगतो.

1876 साली ग्रोसर्स कंपनीने हॅकनी डाउन्स या मोकळ्या मैदानाला लागून मुलांची शाळा काढली. ही कंपनी म्हणजे लंडन शहरातला किराणा आणि मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यांचा जुना संघ, मध्ययुगातल्या मिरी विकणाऱ्यांच्या मंडळीतून वाढलेला. त्यांच्या मानचिन्हावर नऊ लवंगा आहेत आणि वर उंट. आपल्याकडच्या मालावर पोसलेल्या पेढ्यांच्या पैशातून हॅकनीतल्या मध्यमवर्गाच्या मुलांना शाळा मिळाली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचं नाव आजही क्लोव्ह क्लब आहे, म्हणजे लवंग मंडळच.

फी होती, पण माफक. कारकून, दुकानदार, छोटे व्यावसायिक यांच्या मुलांसाठी ही सोय होती. 1902च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण स्थानिक परिषदांच्या हातात आलं आणि काही वर्षांतच कंपनीने ही शाळा लंडन काउंटी कौन्सिलकडे सोपवली. नाव हॅकनी डाउन्स स्कूल झालं, तरी मुलं पुढेही स्वतःला ग्रोसर्सच म्हणवत राहिली. 1905 पासून तीस वर्षं जेंकिन थॉमस हे वेल्श गृहस्थ मुख्याध्यापक होते. वेल्श लोककथा गोळा करणारे म्हणून त्यांचं नाव शाळेबाहेरही होतं. त्यांच्याच काळात ईस्ट एंडमधून वर सरकलेली ज्यू कुटुंबं हॅकनी आणि स्टोक न्यूइंग्टनमध्ये स्थिरावली आणि शाळेची वस्ती बदलली. पुढे एका टप्प्यावर निम्म्याच्या आसपास मुलं ज्यू होती. शिवणकाम, फर्निचर, फेरीचा धंदा करणाऱ्या घरांतली ही मुलं. बाप यिडिश बोलणारा, मुलगा लॅटिन शिकणारा.

दुसऱ्या महायुद्धात शाळा नॉरफकमधल्या किंग्ज लिनला हलवली होती. मायकेल केन हे पुढे सिनेमात गाजलेले नट 1944 मध्ये याच शाळेत दाखल झाले, पण ते वर्षभरच. 1944चा शिक्षण कायदा आला, माध्यमिक शिक्षण मोफत झालं आणि अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर मुलांची वाटणी ठरली. चार-पाचांतलं एक मूल ग्रामर स्कूलला जायचं, बाकीची सेकंडरी मॉडर्नला. हॅकनी डाउन्स ग्रामर होती. फी गेली आणि तिच्या जागी परीक्षा आली.

हॅरल्ड पिंटर, तो नोबेलवाला नाटककार, याच काळातले, 1944 ते 1948. थिसलवेट रोडवर राहणाऱ्या शिंप्याचा एकुलता मुलगा. त्यांना घडवणारे इंग्रजीचे शिक्षक जो ब्रिअर्ली. त्यांनी 1947 मध्ये शाळेत 'मॅकबेथ' बसवलं आणि पिंटरना मॅकबेथ केलं, तेही जुन्या झग्यात नाही, तर आधुनिक लष्करी गणवेशात. पुढच्या वर्षी तेच रोमिओ. पण नाटकापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते या दोघांचं फिरणं. शाळा सुटल्यावर हा मास्तर आणि हा पोरगा हॅकनीच्या रस्त्यांवरून मैलोन्‌मैल चालत, आणि चालता चालता सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या जेकोबियन नाटककारांच्या ओळी, विशेषतः वेबस्टरच्या, मोठ्याने म्हणत. ट्रॉलीबस जवळून जात असेल, बाजूला बॉम्बने पडलेली घरं, आणि हे दोघे ओरडून वेबस्टर म्हणतायत. वर्गात साठ मिनिटांत जे होत नाही ते असं होतं. हेन्री वुल्फ हा नटही त्याच टोळक्यातला, त्याच्याच सांगण्यावरून पिंटरनी पुढे पहिलं नाटक लिहिलं. नट आणि नाटककार स्टीव्हन बर्कॉफ थोडे नंतरचे. अर्नोल्ड गुडमन हे वकील आणि मजूर पक्षासाठी निधी उभारणारे लॉर्ड लेव्ही हेही इथलेच. पिंटरना 2005 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांची शाळा बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

इथे सिक्स्थ फॉर्मचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या हिशेबाने ही अकरावी-बारावी, इकडे इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीन. फरक असा की महाराष्ट्रात 1975 नंतर दहावीला रेघ ओढली गेली आणि त्यापुढचं बहुतेकांचं कॉलेज झालं. इंग्लंडमध्ये हा भाग शाळेतच राहिला, पण ऐच्छिक. शाळा सोडायचं किमान वय 1947 मध्ये पंधरा झालं आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सोळा. त्यापुढे कोण थांबणार? ज्याच्या घरी दोन वर्षांच्या पगारावाचून अडत नाही, किंवा ज्याला शिक्षकांनी पटवलंय तो. ए लेव्हल परीक्षा 1951 मध्ये सुरू झाली आणि विद्यापीठाचं दार तिच्यामागे होतं. म्हणून कुठल्याही शाळेच्या सिक्स्थ फॉर्मकडे बघितलं की सात वर्षांपूर्वी त्या गेटातून कोण आत आलं होतं ते दिसतं. या एका पत्त्याचा पुढचा सगळा इतिहास मी याच खिडकीतून वाचतो.

1963 मध्ये शाळेला आग लागली. जुन्या इमारतीचा मोठा भाग जळाला आणि त्यात पिंटर ज्या रंगमंचावर उभे राहिले तो हॉलही गेला. दोन वर्षांनी मजूर सरकारचं ते प्रसिद्ध परिपत्रक आलं, ज्यात परिषदांना निवड परीक्षा सोडून सर्वांसाठी एक शाळा करायला सांगितलं होतं. 1969 मध्ये हॅकनी डाउन्स कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली, सगळ्यांना खुली.

जुने ग्रोसर्स इथूनच ऱ्हास मोजतात. मला ते पटत नाही. हिशेब करून बघा. 1968 ला परीक्षा देऊन आलेली तुकडी शेवटचं वर्ष पूर्ण करून बाहेर पडायला 1975 उजाडलं. तोवर वरच्या वर्गांत जुनीच मुलं होती आणि खालून नवी चढत होती. सत्तरच्या दशकात ही शाळा काही वाईट चालली नव्हती. वस्ती पुन्हा बदलत होती. ज्यू कुटुंबं उत्तरेकडच्या उपनगरांत गेली आणि त्यांच्या जागी कॅरिबियन, तुर्की, सायप्रसी, दक्षिण आशियाई घरं आली. नव्या मुलांत हुशारी कमी नव्हती, पण शाळेची रचना जुन्या मुलांसाठी बेतलेली होती.

घात तीन ठिकाणी झाला आणि तिन्ही गेटाशी निगडित आहेत. पहिलं म्हणजे शाळा मुलांची होती आणि मुलांचीच राहिली. पालकांना मिश्र शाळा हव्या होत्या, मुलींच्या पालकांना मुलींच्या. मुलांची स्वतंत्र शाळा कुणाची पहिली पसंती राहिली नाही. दुसरं म्हणजे रिकाम्या जागा. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ज्या शाळेत जागा शिल्लक असतात तिला वर्षाच्या मध्ये येणारी मुलं नाकारता येत नाहीत. दुसऱ्या शाळेतून काढलेला मुलगा, काल विमानातून उतरलेला आणि इंग्रजी न येणारा मुलगा, तात्पुरत्या घरात ठेवलेल्या कुटुंबातला मुलगा, सगळे तिथेच पाठवले जातात. त्यांना शिकवणं हे काम आहेच आणि मी तेच करत आलो. पण एकाच शाळेत सगळे आले की आधीच्या पालकांचा धीर सुटतो, आणखी जागा रिकाम्या होतात आणि चक्र फिरत राहतं. इकडे पैसा डोक्यामागे येतो. पट घसरला की शिक्षक कमी होतात, पण छप्पर, बॉयलर आणि मुख्याध्यापक तेवढेच लागतात. म्हणून शेवटी एकेका मुलावरचा खर्च प्रचंड दिसू लागला आणि वर्तमानपत्रांनी तेवढाच आकडा उचलला.

अशा शाळेत सिक्स्थ फॉर्म पहिल्यांदा मरतो. ए लेव्हल फिजिक्सच्या वर्गात चार मुलं असली तरी शिक्षक एक पूर्ण लागतो. चार मुलांच्या अनुदानात त्याचा पगार निघत नाही. मग विषय बंद होतो, तो विषय हवा असलेली मुलं दुसरीकडे जातात आणि चांगला फिजिक्सचा शिक्षकही जातो, कारण त्याला ए लेव्हल शिकवायचं असतं. मग इयर सेव्हनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला, विज्ञान कोण शिकवतो, तर बदली शिक्षक. लंडनमध्ये यावर उपाय म्हणून शेजारच्या तीन-चार शाळांनी मिळून सिक्स्थ फॉर्म चालवायची पद्धत काढली. मुलं एका तासाला इथे, दुसऱ्या तासाला बसने तिथे. कागदावर बरं दिसायचं. प्रत्यक्षात अकराव्या वर्षी आलेल्या पोराला वरच्या वर्गातला, विद्यापीठाचे अर्ज भरणारा दादा शाळेत दिसेनासा झाला. हा तोटा मोजता येत नाही म्हणून कुठल्या अहवालात येत नाही.

तिसरा घात प्रशासनाचा. आतल्या लंडनच्या सगळ्या शाळा सांभाळणारी आयएलईए ही मोठी संस्था थॅचर सरकारने 1990 मध्ये मोडली आणि शाळा एकेका बरोच्या, म्हणजे लंडनच्या एकेका भागाच्या परिषदेच्या, गळ्यात आल्या. हॅकनी परिषदेला शाळा चालवायचा अनुभव शून्य, राजकारण भरपूर. मुख्याध्यापक टिकेनात. 1992 मध्ये तपासणीसाठी ऑफस्टेड स्थापन झालं आणि 1994 मध्ये हॅकनी डाउन्स नापास शाळांत गणली गेली. परिषदेने आधी बंद करायचं ठरवलं, मग 1995च्या उन्हाळ्यात निर्णय फिरवला. तेव्हा शिक्षणमंत्री गिलियन शेफर्ड यांनी नव्या कायद्यातला एक अधिकार देशात पहिल्यांदा वापरला आणि बाहेरच्या तज्ज्ञांचं एक मंडळ शाळेवर बसवलं. मंडळाने काही महिन्यांत अहवाल दिला: लगेच बंद करा. पालक कोर्टात गेले, हरले. डिसेंबर 1995 मध्ये शाळा बंद झाली, तेव्हा जेमतेम दोनशे मुलं उरली होती.

त्यांत जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षी द्यायच्या इकडच्या दहावीच्या, वर्षाची मुलंही होती. परीक्षा पाच-सहा महिन्यांवर आली असताना त्यांना होमरटन हाउस या दुसऱ्या शाळेत पाठवलं, आणि पुढे तीही शाळा बंद झाली. 'देशातली सर्वांत वाईट शाळा' हे विशेषण वर्तमानपत्रांचं. तिथली शिकवणी खराब झाली होती हे मी नाकारत नाही. पण तपासणी अहवालात ज्याला अपयश म्हटलं, त्यातला बराच भाग बाकीच्या हॅकनीने या एका गेटातून आत ढकलला होता.

जागा जवळजवळ नऊ वर्षं शाळेविना राहिली. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. 2000 मध्ये डेव्हिड ब्लंकेट यांनी ॲकॅडमी योजना जाहीर केली. म्हणजे परिषदेच्या ताब्याबाहेरची सरकारी शाळा, पैसा थेट केंद्राकडून आणि एक खासगी पुरस्कर्ता. आणि 2002 मध्ये हॅकनी परिषदेकडून शिक्षण खातंच काढून लर्निंग ट्रस्ट या ना-नफा संस्थेला दहा वर्षांसाठी दिलं. दुसऱ्या गोष्टीची चर्चा कमी होते. माझ्या मते हॅकनीच्या शाळा सावरल्या त्यात तिचा वाटा मोठा.

सर क्लाइव्ह बोर्न हे हॅकनीत वाढलेले व्यावसायिक पुरस्कर्ते झाले. शाळेला त्यांच्या वडिलांचं, मॉस बोर्न यांचं नाव दिलं. इमारत रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने केली. दोन रेल्वेमार्गांच्या बेचक्यातली तिकोनी जागा, म्हणून इमारतीने रुळांकडे पाठ केली आणि मैदानाकडे तोंड. मोठा लाकडी सांगाडा आहे. आत लांब बंदिस्त कॉरिडॉर नाहीत. वर्ग चाळीच्या गॅलरीसारख्या सज्जांवर उघडतात आणि अंगणात उभ्या असलेल्या शिक्षकाला सगळे मजले दिसतात. शाळेत दादागिरी कुठे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या रचनेची किंमत कळेल.

पहिले मुख्याध्यापक सर मायकेल विल्शॉ. ते त्याआधी न्यूहॅममधल्या सेंट बोनाव्हेंचर्स या कॅथलिक शाळेत होते आणि तिथल्या कामासाठीच त्यांना 'सर' मिळालेलं होतं. गणवेश, तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रतिज्ञा, छोट्या चुकीलाही शिक्षा, शाळा सुटल्यावर अभ्यासवर्ग. पत्रकारांना हे आवडलं आणि 'शिस्तीने चमत्कार' अशी कथा तयार झाली. 2012 मध्ये विल्शॉ ऑफस्टेडचे प्रमुख झाले, तेव्हा तर ती कथा सरकारी धोरण झाली.

शिस्तीचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण गेटाकडे बघा. सप्टेंबर 2004 मध्ये शाळेने फक्त इयर सेव्हन घेतलं. वरचे वर्गच नव्हते. दरवर्षी एक इयत्ता वाढत गेली, म्हणजे प्रत्येक मूल शाळेने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पद्धतीने घडवलेलं. शिक्षक सगळे नवे, निवडून घेतलेले. मिश्र शाळा. आणि प्रवेशाला बँडिंग: अर्ज करणारं प्रत्येक मूल एक चाचणी देतं, गुणांवरून मुलांचे गट पडतात आणि प्रत्येक गटातून मुलं घेतली जातात. ही नापास करणारी परीक्षा नाही. हुशार, मधली, मागे पडलेली अशी सगळी मुलं ठरलेल्या प्रमाणात येतील याची ती तजवीज आहे. शाळेतल्या मोफत जेवणाला पात्र, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं सुरुवातीच्या काळात दहातली चारच्या आसपास होती, तेव्हा श्रीमंतांची शाळा म्हणून तिला हिणवता येणार नाही. पण सगळी अवघड कामं एकाच दारात टाकली गेली नाहीत. हॅकनी डाउन्सला हे संरक्षण शेवटच्या दहा वर्षांत मिळालं असतं तर? याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही, पण प्रश्न विचारायला हवा.

2009 मध्ये पहिल्या तुकडीची जीसीएसई झाली. इंग्रजी आणि गणितासह पाच चांगले ग्रेड मिळवणारी मुलं ऐंशी टक्क्यांहून जास्त होती. त्याच वर्षी सिक्स्थ फॉर्म उघडला आणि 2011 मध्ये पहिली ए लेव्हल. त्या तुकडीतल्या मुलांना केंब्रिजने प्रवेशाचे प्रस्ताव दिले, तेव्हा बातमी देशभर गेली. 2004 ते 2011, पुन्हा सात वर्षं.

आता दुसरी बाजू. मॉसबोर्न हा आज शाळांचा समूह आहे. 2024च्या अखेरीस त्यातल्या व्हिक्टोरिया पार्कच्या शाळेतल्या शिस्तीबद्दल बऱ्याच पालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या आणि बालसंरक्षणाच्या स्थानिक यंत्रणेने स्वतंत्र चौकशी नेमली. हळव्या किंवा वेगळ्या गरजा असलेल्या मुलाला ही पद्धत कितपत मानवते, हे आपापल्या मुलाकडे बघून ठरवावं. दिवाळीच्या फराळात कुणी "आमच्या पोराला मानवलं" म्हटलं, त्यावर जाऊ नये.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: होय, सिक्स्थ फॉर्मचा विचार आत्ताच करा, पण अर्जासाठी नाही, शाळा ओळखण्यासाठी. इयर सेव्हनला प्रवेश मिळाला म्हणजे इयर ट्वेल्व्ह पक्कं, असं नसतं. सिक्स्थ फॉर्मला स्वतंत्र अर्ज लागतो, जीसीएसईच्या ग्रेडची अट असते, विषयवार अट वेगळी, आणि बाहेरची मुलंही त्याच जागांसाठी येतात. 2015 पासून अठरा वर्षांपर्यंत काहीतरी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे, पण ते याच शाळेत मिळेल अशी हमी कुणी देत नाही. ओपन इव्हिनिंगला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या संध्याकाळी, गेलात की चकचकीत प्रयोगशाळा दाखवतील, त्या बघा. मग सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखाला गाठून विचारा: गेल्या वर्षी इयर इलेव्हनमधली, म्हणजे जीसीएसई दिलेली, किती मुलं इथेच थांबली, आणि जी गेली ती कुठे गेली? फर्दर मॅथ्स (ए लेव्हलचं जास्तीचं गणित), फिजिक्स आणि एखादी परकीय भाषा, या तीन वर्गांत आज किती मुलं बसतात? इयर ट्वेल्व्हला आलेल्यांतली किती थर्टीनपर्यंत पोचतात? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, तिथे वर्षाअखेरीस कच्ची मुलं हळूच बाहेर काढत असण्याची शक्यता असते. निकालाचा टक्का त्यामुळे छान दिसतो.

आणि तारखा. माध्यमिकचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत परिषदेच्या पोर्टलवर भरायचा, निकाल 1 मार्चला. बँडिंगच्या चाचणीचं वेळापत्रक शाळा वेगळं लावते, कधी कधी त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि ती मुदत ऑक्टोबरअखेरच्या आधी संपू शकते. घर शाळेपासून किती अंतरावर धरलं जातं आणि कुठल्या झोनमध्ये पडतं, हे यंदाच्या प्रवेश नियमांत वाचा. गेल्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका. सहा शाळांची नावं देता येतात, ती सहाच्या सहा भरा. मॉसबोर्न पहिली लिहिलीत तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर, जिथे अंतरावर नक्की नंबर लागेल अशी एक तरी शाळा ठेवा.